लाकूड-संग्रहालयातल्या चुकीच्या फलकांबद्दल आणि मराठी माहितीयंत्राबद्दल तक्रार

प्रति,
व्यवस्थापक,
संग्रहालय चालवणारी कंपनी,
बेळगाव

महोदय,

गेल्या रविवारी खानापूर तालुक्यातल्या आमच्या गावची मंडळी गाडी करून तुमचं जंगल-व्यवसायाचं संग्रहालय बघायला आली होती. आमच्याबरोबर दोन वयस्क मामा होते. तरुणपणी दोघांनीही नागरगाळी-लोंढ्याच्या रानात ठेकेदाराकडे करवत ओढली आहे. त्यांना दाखवायचं म्हणूनच हा बेत होता.

तिकिटावर मराठी माहितीयंत्राचे वेगळे पैसे घेतलेत. यंत्रातून आधी कन्नड आणि पुढे इंग्रजी ऐकू आलं, मराठी कुठेच नाही. कन्नडबद्दल तक्रार नाही, आम्ही सगळे बोलतो. पण पैसे मराठीसाठी घेतलेत, तेव्हा ते परत करा. पावती सोबत जोडली आहे.

खरी तक्रार दुसऱ्या दालनाची आहे. तिथे एकच पुतळा लांब करवत हातात धरून उभा आहे. त्याच्यासमोर थांबून थोरल्या मामांनी विचारलं, "खालचा गडी कुठाय?" ती करवत एका माणसाची नव्हेच. ओंडका उंच लाकडी घोड्यावर चढवायचा, दोरी गेरूत बुडवून त्यावर सूत मारायचं, म्हणजे कापायची सरळ रेघ उमटवायची. मग एक जण वर उभा राहणार, दुसरा खाली. वरचा सुतावर नजर ठेवून करवत वर घेतो, खालचा जोर लावून ओढतो, आणि सगळा भुसा त्याच्या डोळ्यांत, मानेवर, तोंडात जातो. म्हणून तो डोक्याला फडकं गुंडाळायचा. थोरले मामा त्या कामात कायम खालीच उभे राहिले. तुमच्या दालनात नेमका तोच माणूस नाही.

शेजारच्या खोडाच्या तुकड्यावर 'ऐन' अशी पाटी आहे. धाकटे मामा सालीवरून हात फिरवून म्हणाले, "हे ऐन नव्हे, नाणा हाय." ऐनाची साल काळपट, चौकोनी भेगांची असते, अगदी मगरीच्या पाठीसारखी. नाण्याची साल फिकट, गुळगुळीत आणि पापुद्रे सुटणारी. आमच्याकडे शाळेतलं पोरगंही एवढं सांगेल. शेजारच्या पेटीत वनखात्याचा शिक्क्याचा हातोडा 'लोहाराचे अवजार' म्हणून ठेवला आहे आणि अक्षरं कोरलेली बाजू भिंतीकडे आहे. त्या शिक्क्याशिवाय लाकूड नाक्यावरून पुढे जात नसे. गाडीवान, मुकादम, ठेकेदार सगळ्यांची मान त्या अक्षरांत अडकलेली असायची. ती बाजू लोकांना दिसायला हवी.

इतिहासाच्या फलकावर लिहिलं आहे की १८४७ साली डॉ. अलेक्झांडर गिब्सन मुंबई इलाख्याचे वनसंरक्षक झाले आणि हल्याळ-दांडेलीची जंगलं त्यांच्या ताब्यात आली. नेमणुकीचं साल बरोबर आहे. पण तेव्हा कारवारचा तो सगळा मुलूख, म्हणजे उत्तर कानडा, मद्रास इलाख्यात होता. उत्तर कानडा मुंबईला जोडला गेला तो १८६२ साली. पुढे लोंढ्यावरून मुरगावकडे रेल्वे गेली आणि अळणावरहून दांडेलीला लाकडासाठी फाटा काढला. त्यानं या भागातल्या माणसांचं जगणंच बदललं, आणि तुमच्याकडे त्यावर एक ओळही नाही! साहेबांचे फोटो मात्र दोन भिंती भरून आहेत.

मामांनी हे सगळं तिथल्या मार्गदर्शकाला समजावून सांगितलं. "आजोबा, पाटी तज्ज्ञांनी लिहिलीय, हात लावू नका," असं म्हणून त्यानं त्यांना पुढे ढकललं. याचं मला सर्वांत जास्त वाईट वाटलं. ज्याच्या घामावर ते दालन उभं आहे, त्यालाच तिथून बाजूला काढलं.

माझ्या मागण्या अशा. मराठी यंत्राचे पैसे परत करा, आणि मराठी सुरू होईपर्यंत ते घेणं थांबवा. ऐन-नाणा आणि हातोड्याच्या पाट्या लगेच बदला. १८६२ ची दुरुस्ती करा. पुतळ्याच्या खाली दुसरा गडी उभा करा. त्यासाठी मापं आणि उभं राहायची पद्धत सांगायला दोन्ही मामा तयार आहेत, त्यांना आणायची-न्यायची सोय मात्र कंपनीनं करावी. मार्गदर्शकानं त्यांची माफी मागावी, तीही गावात येऊन.

पंधरा दिवसांत लेखी उत्तर मिळावं. नाही मिळालं तर पावतीसह ग्राहक आयोगाकडे अर्ज करणार आहे.

आपला,
एक निवृत्त प्राथमिक शिक्षक,
खानापूर तालुका

सोबत: तिकीट व पावतीची झेरॉक्स, दोन फलकांचे फोटो