ठासणीची रायफल घडवणाऱ्यांना त्या रांगेत बसवू नका

मा. संपादक,
स.न.वि.वि.

आपल्या रविवारच्या पुरवणीत अमेरिकेतल्या बंदुकांवर आलेला लेख वाचला. शाळांमधल्या गोळीबाराबद्दल लेखकाने जे लिहिलंय ते मला पूर्ण मान्य आहे, मी इथेच राहतो, माझी मुलं इथल्याच शाळांत शिकली, त्यामुळे सकाळी मुलाला बसमध्ये बसवताना पोटात काय होतं ते मला माहितीय. पण त्याच लेखात एक फोटो टाकलाय, एक म्हातारा माणूस हातात चकमकीची लांब रायफल (नळीच्या तोंडातून दारू-गोळी ठासून चकमकीच्या ठिणगीने बार उडवायची जुनी बंदूक) घेऊन उभा, आणि खाली लिहिलंय की घरी बंदुका बनवण्याचंही वेड आहे इथे. म्हणजे तो माणूस आणि दुकानातून सेमीऑटोमॅटिक घेऊन येणारा माणूस एकाच रांगेत. हे मला अजिबात पटलं नाही म्हणून लिहायला बसलो.

मी मूळचा चिपळूणकडचा. पुण्यात टूलरूमला होतो, मग इकडे पेनसिल्व्हेनियात आलो, लँकेस्टर काउंटी घरापासून जवळच. आणि ही रायफल नेमकी याच भागात घडली. अठराव्या शतकात जर्मनी आणि स्वित्झर्लंडकडून आलेले बंदूक कारागीर इथे वसले, त्यांच्याकडची शिकारीची रायफल आखूड आणि जाड नळीची होती, येगर म्हणतात तिला. इथे आल्यावर पन्नासेक वर्षांत तिचं रूपच बदललं, नळी लांब झाली, ४०-४५ इंचांपर्यंत गेली, भोक लहान झालं म्हणजे शिसं आणि दारू दोन्ही कमी लागणार, आणि दस्ता अक्रोडाऐवजी इथल्या मेपलचा आला. लँकेस्टरचा जेकब डिकर्ट, हा मूळचा जर्मनीतला माइन्झचा, त्याच्या हातच्या रायफली आजही संग्रहालयांत बघायला मिळतात. प्रत्येक भागाची ढब वेगळी, लँकेस्टरचा दस्ता सरळ रेषेत, पेनसिल्व्हेनियातल्याच लीहायचा वरून खाली छान बाक घेतलेला, बेडफर्डचा अगदी सडपातळ. जाणकार माणूस लांबून बघूनच सांगतो कुठली आहे ते.

नंतर काडतुसं आली आणि हे सगळं मागे पडलं. ते परत उभं केलं ते हौशी लोकांनीच. १९३१ साली ओहायोतल्या पोर्ट्समथला काही लोकांनी जुन्या ठासणीच्या रायफलींची नेमबाजीची स्पर्धा घेतली, त्यातून १९३३ ला नॅशनल मझल लोडिंग रायफल असोसिएशन निघाली, तिचं मैदान इंडियानातल्या फ्रेंडशिप नावाच्या छोट्याशा गावात आहे. १९५४ मध्ये टर्नर कर्कलंड यांनी टेनेसीत डिक्सी गन वर्क्स चालू केलं आणि सुटे भाग पोस्टाने मिळायला लागले. आणि व्हर्जिनियात कलोनियल विल्यम्सबर्गला वॉलेस गुसलर या माणसाने १९६० च्या दशकात लोखंडाची पट्टी भट्टीत तापवून, सळईभोवती वळवून, ठोकून नळी करण्यापासून ते नळीच्या आतल्या, गोळीला फिरकी देणाऱ्या आट्या हाताने कापण्यापर्यंत अख्खी रायफल अठराव्या शतकातल्या पद्धतीने करून दाखवली. लेखात यातलं काहीच नव्हतं याचं मला वाईट वाटलं.

आता प्रत्यक्ष काम काय असतं ते सांगतो, कारण ते कळल्याशिवाय माझं म्हणणं कळणार नाही. हौसेने अशा रायफली घडवणारे आमच्यातले बहुतेक लोक किटपासून म्हणजे सुट्या भागांच्या संचापासून सुरुवात करतात. नळी तयार येते, चकमकीचं लॉक म्हणजे ठिणगी पाडणारी यंत्रणा तयार येते, लाकूड अर्धवट कापलेलं येतं, पितळेचे भाग ओतीव खडबडीत येतात. पुढचं सगळं हाताने. सगळ्यात नाजूक काम म्हणजे लॉक लाकडात बसवणं. लॉकच्या पट्टीला मागून काजळी लावायची, जागेवर हलकेच दाबायची, उचलायची, लाकडावर जिथे काळा डाग उमटला तेवढंच पटाशीने खरवडायचं, कागदाइतकं पातळ, परत काजळी, परत दाबायचं. संध्याकाळच्या संध्याकाळी यात जातात. शेवटी लाकूड आणि लोखंड यांच्यामध्ये नखसुद्धा शिरत नाही असं बसलं पाहिजे, आणि त्याचबरोबर रंजकाचं भोक (नळीतल्या दारूपर्यंत आग नेणारं) पेल्याच्या, म्हणजे पेटवायची थोडी दारू ठेवतात त्या वाटीच्या, बरोब्बर समोर यायला पाहिजे, ते खालीवर झालं तर बार उशिरा पेटतो किंवा पेटतच नाही. टूलरूममध्ये साचे बसवताना आम्ही निळा रंग लावून हेच करायचो, त्यामुळे पहिल्यांदा बघितलं तेव्हाच मला हे काम आपलं वाटलं.

अजून एक बारीक गोष्ट. नळी दस्त्याला पिना मारून धरलेली असते, आणि नळीखालच्या ज्या कड्यांतून पिन जाते तिथे गोल भोक ठेवत नाहीत, लांबट खाच करतात. कारण लाकूड पावसात फुगतं, थंडीत आकसतं, लोखंड तसं करत नाही, गोल भोक ठेवलं तर दस्ता तडकतो. काही जुन्या चांगल्या रायफली उघडल्या की हे दिसतं. अडीचशे वर्षांपूर्वी हे ज्यांना सुचलं त्यांच्या डोक्याला माझा नमस्कार.

आणि रंग! मेपलच्या लाकडात आडव्या लाटा असतात, कच्च्या लाकडात त्या जेमतेम दिसतात. त्यावर लोखंड विरघळवलेलं नायट्रिक अॅसिडचं पाणी लावतात, हे तयार मिळतं, घरी करायच्या भानगडीत पडू नये, धूर फार वाईट असतो त्याचा. लावल्यावर लाकूड घाणेरडं हिरवट दिसतं, मग हीट गन फिरवत गेलं की डोळ्यासमोर ते तांबूस तपकिरी होत जातं आणि त्या लाटा एकदम वर येतात. वर जवसाच्या तेलाचे हात. दुकानातला कुठलाही स्टेन याच्या जवळपास येत नाही.

कस्टमायझेशनबद्दल, म्हणजे रायफलीला आपल्या आवडीचं रूप देण्याबद्दल, माझं मत जरा कडक आहे आणि आमच्या हौशी लोकांच्या क्लबातही मी ते बोलतो. हल्ली ओहायोच्या जिम किबलर यांच्यासारखे लोक सीएनसीवर म्हणजे संगणकावर चालणाऱ्या यंत्रावर इतकं अचूक लाकूड कापून देतात की लॉक जवळजवळ तसंच बसतं, काही जुने लोक नाकं मुरडतात की हे कसलं घडवणं. मला यात काहीही गैर वाटत नाही. नवीन माणूस पहिल्याच कामात लॉक वाकडं बसवून, वैतागून सोडून देण्यापेक्षा चांगल्या किटवर एक साधी रायफल पूर्ण करेल तर ते शंभरपट बरं. मला खटकतं ते दुसरंच, दस्ता एका भागाचा, पितळी पॅचबॉक्स (दस्त्यातली चिंध्या वगैरे ठेवायची झाकणाची डबी) दुसऱ्या भागाचा, कोरीवकाम तिसऱ्याच काळातलं, वर चांदीच्या चांदण्या ठोकलेल्या, का तर छान दिसतं म्हणून. आपली करायची हौस असेल तर जरूर करा पण आधी एखाद्या जुन्या रायफलीसमोर उभं राहून ती नीट बघा, लँकेस्टरच्या पॅचबॉक्सचं ते डेझीचं फूल कुठे संपतं, दस्त्याची रेषा कुठून निघते. आणि पहिली रायफल बिनकोरीवकामाची करा. रेषा चुकलेली असेल तर नक्षीने ती झाकत नाही, उलट जास्त दिसते.

आता कोणी म्हणेल हे सगळं ठीक, पण शेवटी हत्यारच ना. हो, हत्यारच. मी ते नाकारत नाही आणि नाकारणाऱ्याच्या शेजारी मी रेंजवर उभा राहणार नाही. हिच्यात फक्त काळी दारूच घालायची, आधुनिक स्मोकलेस पावडर घातली तर नळी फुटून माणूस जायचा. गोळी दारूवर टेकेपर्यंत गजाने खाली गेलीच पाहिजे, मध्ये पोकळी राहिली तर तोही धोका, म्हणून गजावर खूण करून ठेवतात. बार उडाल्यावर काजळी साचते, ती हवेतला ओलावा ओढून लोखंड गंजवते, त्याच दिवशी गरम पाण्याने नळी धुवायची. एक बार भरायला म्हणजे दारू मोजून ओतायची, तेल लावलेल्या सुती चिंधीत गोळी ठेवायची, गजाने ठासायची, पेल्यात रंजक घालायची, सरावलेल्या हातालाही अर्धा-एक मिनिट लागतो. १९६८ च्या इथल्या केंद्रीय कायद्यात काळ्या दारूच्या अशा ठासणीच्या बंदुकांना नेहमीच्या बंदुकांपेक्षा वेगळं धरलंय ते उगीच नाही, काही राज्यांचे नियम मात्र कडक आहेत आणि ते पाळावेच लागतात. आमच्या पेनसिल्व्हेनियात तर १९७४ पासून नाताळनंतर फक्त चकमकीच्या बंदुकांसाठी हरणाच्या शिकारीचा वेगळा हंगाम असतो, बर्फात, गारठलेल्या बोटांनी, आणि बरेच जण रिकाम्या हाताने परत येतात.

भारतातल्या वाचकांना एक कळकळीने सांगतो, हे वाचून कोणीही घरी काही करायला जाऊ नका. आपल्याकडे शस्त्र कायदा १९५९ प्रमाणे परवान्याशिवाय बंदूक बनवणं हा गंभीर गुन्हा आहे आणि २०१९ च्या दुरुस्तीनंतर त्याला किमान ७ वर्षांपासून जन्मठेपेपर्यंत शिक्षा आहे. कोकणात शेतकऱ्यांकडे रानडुकरं-माकडांसाठी परवान्याच्या ठासणीच्या बंदुका असतात, लहानपणी आमच्या वाडीत मीही बघितल्यात, पण त्याच भागात बेकायदा गावठी बंदुकीने शिकारीला जाऊन आपल्याच सोबत्याला गोळी लागल्याच्या बातम्याही आपण छापता. त्यात कारागिरी वगैरे काही नाही, त्याचं समर्थन मी करत नाहीये.

पण एक गोष्ट आपल्याकडे परवान्याशिवाय करता येते, आणि आपल्या पेपरने ती उचलून धरावी असं मला मनापासून वाटतं. पुण्याच्या केळकर संग्रहालयात, मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात जुनी हत्यारं आहेत. आपल्या तोड्याच्या बंदुकीची रचना इकडच्या रायफलीपेक्षा पार वेगळी, नळी दस्त्याला तारेने किंवा चामड्याच्या पट्ट्यांनी बांधलेली, जळता तोडा म्हणजे धुमसती दोरी धरणारा चिमटा दस्त्याच्या खाचेतून वर येतो, रंजकाचं भोक साफ करायला बाजूला सुई लटकवलेली. पण काचेबाहेर पाटीवर आपल्याला वाचायला काय मिळतं, तर 'बंदूक, अठरावे शतक'. नळी मागून कशी बंद केलीय, चाप आणि चिमटा आतून कसे जोडलेत, लाकूड कुठलं, नळीची जाडी कुठे किती, हे मोजून कागदावर उतरवलेलं सामान्य माणसाला सहज बघायला मिळालं पाहिजे. अमेरिकेत ही विद्या परत आली ती अशा मोजमापांमुळेच, हौशी लोकांनी जुन्या रायफली हातात घेतल्या, उघडल्या, मोजल्या, आकृत्या छापल्या. आपल्याकडे आयटीआय, पॉलिटेक्निकची मुलं आहेत ज्यांना ड्रॉइंग येतं, निवृत्त फिटर-टर्नर आहेत ज्यांचे हात अजून शिवशिवतात. संग्रहालयांनी परवानगी दिली आणि क्युरेटरसमोर बसून हे काम झालं तर कुणालाही धोका नाही.

आपल्या पुरवणीने या विषयावर एखादं पान द्यावं आणि संग्रहालयांना जाहीरपणे विचारावं की अशा आकृत्या करायला ते परवानगी देतील का. पुढच्या हिवाळ्यात मी दोन महिने चिपळूणला येतोय, कॅलिपर आणि ड्रॉइंगचं सामान माझं मी आणीन, कोणी बोलावलं तर पुण्याला किंवा मुंबईला येऊन बसायची माझी तयारी आहे.

आपला नियमित वाचक,
एक चिपळूणकर, पेनसिल्व्हेनिया