मूळ लेख स्वतःच्या पत्त्यावर ठेवावा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

ठाणे आणि नवी मुंबईत मराठीतून हौसेने लिहिणारे पुष्कळ आहेत. येऊरची पाखरे, उपवनचा पावसाळा, नेरूळकडच्या पाणथळीत उतरणारे रोहित (फ्लेमिंगो) पक्षी, गडकरी रंगायतनमधले प्रयोग यांवर सतत काही ना काही वाचायला मिळते. पण त्यातले बहुतेक फेसबुकवर किंवा व्हॉट्सॲपच्या गटात लिहिले जाते, आणि महिन्याभराने लिहिणाऱ्यालाच ते सापडत नाही. नवे काही आले की सगळे तिकडे वळतात आणि जुने लेखन मागे राहते. ऑर्कुट ३० सप्टेंबर २०१४ रोजी बंद झाले, सर्वसामान्यांसाठीचे गूगल प्लस २ एप्रिल २०१९ रोजी. मराठीची सोय देणारे ‘कू’ २०२० मध्ये आले आणि २०२४ मध्ये गुंडाळले गेले.

म्हणून नवी साधने वापरूच नयेत असे नाही. थ्रेड्स, ब्लूस्काय, मॅस्टडॉन जरूर वापरून पाहावीत. विनंती क्रमाची आहे: लेख आधी स्वतःच्या ब्लॉगवर लिहावा, मग दोन ओळी आणि दुवा बाहेर द्यावा. ‘आधी तिकडे लिहू, नंतर ब्लॉगवर चढवू’ हे फारसे घडत नाही. ब्लूस्कायची मर्यादा ३०० अक्षरांची, थ्रेड्सची ५०० ची. लेखाचे तुकडे करावे लागतात आणि ते पुन्हा जोडायचा कंटाळा येतो. शिवाय मोजणीची रीतही सारखी नाही. ‘ठाणे’ हा शब्द ब्लूस्काय दोन अक्षरांचा धरते, तर एक्स (पूर्वीचे ट्विटर) काना-मात्रा वेगळ्या मोजून चार धरते.

ब्लॉग फुकट सुरू होतो, पण पत्ता आपल्या नावाचा घ्यावा. अशा पत्त्यासाठी, म्हणजे डोमेनसाठी, वर्षाला पैसे भरावे लागतात. पहिल्या वर्षीचा दर सवलतीचा असतो, म्हणून नूतनीकरणाचा दर आधी पाहावा. नोंदणी स्वतःच्या नावाने आणि स्वतःच्या ईमेलवरच करावी. भाच्याच्या किंवा संगणक दुकानदाराच्या ईमेलवर केली, तर मुदत संपल्याची सूचना त्यांच्याकडे जाते आणि पत्ता हातचा जातो. ब्लॉगर या गूगलच्या ब्लॉगसेवेला डोमेन जोडताना, जिथून डोमेन घेतले तिथे सीनेम प्रकारच्या (एक पत्ता दुसऱ्याकडे वळवणाऱ्या) दोन नोंदी कराव्या लागतात. एक ‘डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यू’साठीची आणि दुसरी मालकी पटवण्यासाठी ब्लॉगर देतो ती. दुसरी राहून गेली की डोमेन जोडलेच जात नाही. दोन्ही केल्यावरही बदल दिसायला कधी कधी एक दिवस लागतो, तोवर नोंदी पुन्हा पुन्हा बदलू नयेत. पुढे ब्लॉगरवरून वर्डप्रेस या दुसऱ्या ब्लॉगसेवेवर गेलात तरी वाचकांकडचा पत्ता तोच राहतो, हा यातला खरा फायदा. लेखांचे दुवे मात्र जुन्यासारखेच राहतील अशी मांडणी करून घ्यावी लागते.

दुव्यांची एक खोड मराठी लिहिणाऱ्यांनाच भोवते. शीर्षक देवनागरीत असले की ब्लॉगर दुव्यात नुसते ‘ब्लॉग-पोस्ट’ आणि काही आकडे टाकतो. वर्डप्रेस शीर्षक घेतो, पण देवनागरीतले प्रत्येक चिन्ह दुव्यात नऊ चिन्हांचे होते. ‘ठाणे’ लिहायला छत्तीस लागतात, आणि दोनशेची मर्यादा असल्याने बाविसाव्या चिन्हानंतर शीर्षक तुटते. तेव्हा प्रसिद्ध करण्यापूर्वी ‘परमालिंक’मध्ये (लेखाच्या दुव्याच्या रकान्यात) रोमन लिपीत दोन-तीन शब्द हाताने लिहावेत. नंतर बदलले तर आधी पाठवलेले दुवे मोडू शकतात.

सर्वांत जास्त हेळसांड बॅकअपची होते. वर्डप्रेसच्या ‘एक्स्पोर्ट’मध्ये लेख आणि प्रतिक्रिया येतात, छायाचित्रांचे मात्र फक्त पत्ते येतात. ब्लॉग बंद झाला की ते पत्ते कुचकामी. त्यामुळे छायाचित्रे वेगळी उतरवावीत आणि फाइल दुसऱ्या, खासगी ठेवलेल्या रिकाम्या ब्लॉगवर चढवून पाहावी. न तपासलेल्या बॅकअपवर विसंबू नये. फेसबुकवर माहिती उतरवताना कालावधी संपूर्ण निवडावा आणि प्रकार एचटीएमएल. तिथे ‘जेसन’ हा दुसरा प्रकार निवडल्यास देवनागरीऐवजी निरर्थक चिन्हांच्या रांगा येतात, कारण ती फाइल अक्षरांची सांकेतिक मूल्ये चुकीच्या पद्धतीने लिहिते. जुने लेखन श्रीलिपी किंवा कृतिदेव या जुन्या फाँटमध्ये असेल तर ते आधी युनिकोडमध्ये बदलून घ्यावे. अशा बदलात रफार आणि पहिली वेलांटी सरकते, म्हणून ‘कार्यक्रम’, ‘स्थिती’ असे शब्द डोळ्यांखालून घालावेत.

ज्येष्ठ लेखकांसाठी आणखी एक. दोन वर्षे न वापरलेले गूगल खाते कंपनी काढून टाकू शकते, आणि ब्लॉगर त्याच खात्यावर चालतो. सेटिंग्जमध्ये घरातल्या एखाद्याला लेखक म्हणून बोलवावे आणि त्याने निमंत्रण स्वीकारल्यावर त्याला ‘ॲडमिन’ करावे. पाच मिनिटांचे काम आहे.

नवे साधन वापरून पाहताना ते फोनमधले संपर्क मागते. तिथे नकार द्यावा, त्यावाचून बहुतेक ठिकाणी काही अडत नाही. ‘गूगलने लॉगिन’ करून पाहिलेली आणि सोडून दिलेली ॲप खात्याच्या सुरक्षा विभागात दिसतात, ती तिथून काढून टाकावीत. फोनने काढलेल्या छायाचित्रात जागेचे अक्षांश-रेखांश असू शकतात. घराच्या बाल्कनीतल्या झाडाचा फोटो ब्लॉगवर चढवला की घराचा ठिकाणा जाहीर होऊ शकतो. कॅमेऱ्याच्या सेटिंगमध्ये ‘लोकेशन’ बंद करावे, आणि चढवण्यापूर्वी छायाचित्राची रुंदी १६०० पिक्सेलवर आणावी. चार-पाच एमबीचे छायाचित्र लोकलमध्ये वाचणाऱ्याच्या फोनवर पटकन उघडत नाही.

ठाण्याचे मराठी ग्रंथसंग्रहालय १८९३ पासून मराठी पुस्तके जपत आले आहे. त्याने, तसेच नवी मुंबईतल्या वाचनालयांनी, महिन्यातून एक दुपार लोकांना आपल्या लेखनाचा बॅकअप घेता यावा यासाठी द्यावी. येणाऱ्याने खात्याचा पासवर्ड, चार्जर आणि ३२ जीबीचा पेनड्राइव्ह आणावा. मजकुराला तो पुरतो, छायाचित्रे फार असतील तर मोठा लागेल. फेसबुकसारख्या ठिकाणची माहिती उतरवायची मागणी मात्र आदल्या दिवशी घरूनच नोंदवून यावे, कारण मोठ्या खात्याची फाइल तयार व्हायला कित्येक तास लागतात.

— एक वाचक, नौपाडा, ठाणे