रिओ ग्रांदेच्या मासेमारी सहलीतून संध्याकाळचं सत्र परस्पर काढून टाकल्याबद्दल तक्रार आणि परताव्याची मागणी

प्रति,
व्यवस्थापकीय संचालक

(हे पत्र कृपया ग्राहक संबंध विभागाकडे वळवू नये. त्यांच्याशी बोलूनच ते लिहायची वेळ आली आहे.)

आज दुपारी तुमच्या त्या विभागातल्या मुलाने "काका, तुमची तक्रार आम्ही बंद केली आहे" असं सांगून फोन ठेवला. ती बंद झालेली नाही. म्हणून हे लेखी.

जानेवारीत अर्जेंटिनाच्या दक्षिण टोकाला, तिएरा देल फुएगोत, रिओ ग्रांदे नदीवर मासेमारीच्या सहलीत तुम्ही आम्हाला संध्याकाळचं सत्र विकलंत आणि दिलं नाहीत, ही मूळ तक्रार. तुमच्या मराठी पत्रकात स्वच्छ छापलंय: रोज दोन सत्रं, सकाळचं जेवणापर्यंत आणि दुसरं दुपारच्या विश्रांतीनंतर अंधार पडेपर्यंत. शेजारी फोटोही आहे. कमरेइतक्या पाण्यात उभा माणूस, मागे तांबडं आकाश, हातात वाकलेला रॉड. तो फोटो बघूनच माझ्या साडूंनी पैसे भरले. लॉजवर पोचल्यावर कळलं की आमच्या बुकिंगवर एकच सत्र आहे, सकाळी १० ते संध्याकाळी ६, जेवण डब्यातून नदीकाठी. निघण्यापूर्वी याबद्दल एक अक्षर कोणी कळवलं नाही. पैसे मात्र दोन सत्रांचे घेतलेत, विमानखर्च धरून माणशी बारा लाखांच्या घरात. माझे ते निवृत्तीनंतरचे पैसे होते.

यात बिघडलं काय, हा प्रश्न तुमच्या माणसांनी मला पुन्हा पुन्हा विचारला. तुम्ही ही सहल विकता, तेव्हा तुम्हाला उत्तर माहीत असणार. तरी कागदावर असावं म्हणून लिहितो.

रिओ ग्रांदेत ज्याच्यासाठी जायचं तो मासा म्हणजे समुद्रात जाऊन पोसलेला ब्राऊन ट्राउट. नदीत जन्मतो, काही वर्षं तिथेच वाढतो, मग अटलांटिकमध्ये उतरतो आणि तिथल्या उन्हाळ्यात, अंडी घालायची वेळ जवळ आली की, परत नदीत चढतो. सरासरी वजन ८ ते १० पौंड, आणि २० पौंडांचा मासाही तिथे गळाला लागतो. नदीत शिरल्यावर तो फारसं काही खात नाही, त्यामुळे भुकेपोटी फ्लाय, म्हणजे गळावर बांधलेलं किड्यासारखं बनावट आमिष, घेईल ही आशा नसते. भर उन्हात तो डोहाच्या खोल भागात दबून राहतो. काठावर झाड नाही, सावली नाही, नजर पोचेल तिथवर गवताळ माळ आणि मेंढ्या. दुपारी पश्चिमेचा वारा असा असतो की लाईन, म्हणजे रॉडची दोरी, पाण्यावर पडण्याआधीच उडून मागे येते. ऊन उतरलं, वारा पडला, की तोच मासा जागचा हलतो आणि डोहाच्या उथळ टोकाकडे सरकायला लागतो. जानेवारीत तिथे सूर्य रात्री १०च्या सुमारास मावळतो. लोक अर्धी पृथ्वी ओलांडून तिथे जातात ते त्या शेवटच्या दोन तासांसाठी. तिथली लॉजेस पाहुण्यांना दुपारी झोपायला लावतात तेही रात्री उशिरापर्यंत नदीत उभं राहता यावं म्हणूनच.

१० ते ६ म्हणजे नेमके ते दोन तास वगळून उरलेला दिवस. पंढरपूरला न्यायचं आणि चंद्रभागेवरूनच माघारी फिरवायचं, तसं तुम्ही आम्हाला केलंत.

पहिल्याच संध्याकाळी काय झालं ते सांगतो. सहाला दहा कमी असताना आमच्या गाईडने घड्याळ पाहिलं आणि काही न बोलता साडूंची लाईन गुंडाळायला घेतली. ऊन अजून पाण्यावर होतं. आम्हाला वाटलं, डोह बदलायचा असेल. त्याने मान हलवली आणि खिशातून आमच्या बुकिंगचा छापील कागद काढून पुढे धरला. त्यावर सत्र एक, वेळ १० ते ६, खाली तुमच्या कंपनीचा शिक्का. "तुमच्या एजन्सीने असंच मागितलं आहे," तो म्हणाला आणि जमिनीकडे बघत राहिला. लाज त्याला वाटत होती, ज्याचा यात काही दोष नव्हता. आम्ही वेडर्स, म्हणजे पाण्यात उभं राहायच्या जलरोधक विजारी, उतरवत होतो, तेव्हा दुसऱ्या गाडीतून दोघे उतरले आणि त्यांनी वेडर्स चढवायला सुरुवात केली. आमच्या समोर, त्याच डोहावर. आम्ही पिकअपमध्ये बसेपर्यंत वारा पडला होता, आणि पलीकडच्या काठाशी एक मोठा मासा पाठ दाखवून वळला. साडूंनी तो पाहिला. लॉजपर्यंतच्या रस्त्यात ते एक शब्द बोलले नाहीत. त्यांच्या गुडघ्यांची अवस्था मला माहीत आहे. पुन्हा कधी ते त्या थंड पाण्यात उभे राहतील असं वाटत नाही.

लॉजच्या मॅनेजरला भेटलो. जास्तीचे पैसे देतो, संध्याकाळ द्या, म्हणून विनंती केली. डोहांच्या पाळ्या आधीच वाटून दिलेल्या असतात आणि शनिवार ते शनिवार त्या बदलत नाहीत, असं त्याने समजावलं. तो माणूस सभ्यपणे बोलला. तुमच्या आणीबाणीच्या क्रमांकावर फोन केला तर भारतात पहाट होती आणि कोणी उचलला नाही. अर्जेंटिनात पाठवलेल्या माणसासाठीचा आणीबाणीचा क्रमांक भारतीय कचेरीच्या वेळेत चालतो, हे पत्रकात लिहायला हवं होतं.

आता आजचा फोन. हा संवाद मी जसाच्या तसा लिहितो आहे, कारण तुमच्याकडे रेकॉर्डिंग असेल आणि ते तुम्ही स्वतः ऐकावं अशी माझी इच्छा आहे.

मी सगळं सांगितल्यावर तो मुलगा म्हणाला, "काका, सिस्टिमला आठ तास फिशिंग दिसतंय. दोन सेशनचे मिळून पण साधारण आठच होतात. तास तर पूर्ण मिळालेत ना?" मी म्हटलं, तास मोजून नदी मिळत नाही, कुठले तास ते महत्त्वाचं. तो म्हणाला, "पण मासे तर दिवसभर पाण्यातच असतात ना?" मी राग आवरला. ऊन, वारा, खोल पाणी, उथळ पाणी, सगळं पहिल्यापासून समजावलं. "एक मिनिट हं," म्हणून त्याने होल्डवर टाकलं. होल्डवर तुमची जाहिरात वाजत होती आणि त्यात "पॅटागोनियातली अविस्मरणीय संध्याकाळ" हे शब्द होते (पॅटागोनिया म्हणजे अर्जेंटिना-चिलीचा तो दक्षिणेकडचा प्रदेश). ते मला बराच वेळ ऐकवले. मग तो परत आला. "काका, मी सीनियरना विचारलं. ते म्हणतायत, तुम्ही मासा पकडून परत सोडूनच देता. म्हणजे घरी काही आणायचंच नसतं. मग दोन-चार मासे कमी लागले तर त्यात लॉस कसा पकडायचा?" आणि त्याच्या मागे कोणीतरी हसलं. ते हसणं मी ऐकलं.

मी विचारलं, हे सीनियर कोण? नाव सांगता येत नाही. त्यांना फोन द्या. ते मीटिंगमध्ये आहेत. आत्ताच तर तुम्ही त्यांना विचारून आलात. "काका, मी तुमची तक्रार बंद करतो."

साहेब, ज्या कंपनीच्या पत्रकावर "पकडा आणि सोडा" हे अभिमानाने छापलेलं आहे, तिचाच माणूस मला विचारतो की सोडायचाच आहे तर मासा कशाला हवा? मी तीर्थनच्या काठावर, हिमाचलात, फ्लाय टाकायला शिकलो. तिथे मला पहिली गोष्ट शिकवली ती मासा ओल्या हाताने धरायची, त्याचं तोंड प्रवाहाकडे करायचं आणि तो स्वतःच्या ताकदीने निघून जाईपर्यंत हात काढायचा नाही. रिओ ग्रांदेतला ट्राउट अंडी घालून मरत नाही, जसे पॅसिफिकचे सॅमन मरतात. तो परत समुद्रात जातो आणि पुढच्या हंगामात, त्याच्याही पुढच्या हंगामात, आणखी मोठा होऊन येतो. बार्ब, म्हणजे उलटा काटा, नसलेल्या गळाने धरून तो सोडला जातो, म्हणून ती नदी आजही ती नदी आहे, आणि म्हणूनच तुम्हाला तिथली सहल बारा लाखांना विकता येते. तुमच्या सीनियरना हे माहीत नसेल तर त्यांना या विभागात ठेवू नका. माहीत असूनही ते तसं बोलले असतील तर तो माझा अपमान होता, आणि तो मी विसरणार नाही.

पत्रकाबद्दल आणखी. "पॅटागोनियाचा मूळचा रानटी ट्राउट" असं त्यात लिहिलंय. दक्षिण अमेरिकेत मूळचा ट्राउट नाहीच. अर्जेंटिनात या कुळातल्या माशांची पहिली अंडी १९०४ साली अमेरिकेतून आली, नाउएल उआपी सरोवरासाठी. रिओ ग्रांदेच्या खोऱ्यात ब्राऊन ट्राउट आला तो १९३५ साली, जॉन गुडॉल यांनी चिलीतल्या पुएर्तो माँतहून आणवलेल्या अंड्यांतून. त्यातले काही मासे आपणहून समुद्राकडे गेले आणि धष्टपुष्ट होऊन परतले. इतकी विलक्षण खरी हकिगत हाताशी असताना पत्रकात खोटं का छापावं?

सामानाची यादीही तशीच. तुम्ही पाठवलेल्या यादीत ५ नंबरचा रॉड (नंबर जितका कमी तितका रॉड हलका), तरंगती लाईन आणि पाण्यावर तरंगणाऱ्या बारीक ड्राय फ्लाय होत्या. ही यादी अर्जेंटिनातल्याच नेउकेन प्रांतातल्या मायेओ किंवा चिमेउइनसारख्या नद्यांची आहे. तुमच्याच दुसऱ्या सहलीच्या कागदावरून ती उतरवली आहे, खालच्या ओळीत "नेउकेन" हा शब्द पुसायचाही राहिला आहे. रिओ ग्रांदेला ७ किंवा ८ नंबरचा रॉड लागतो, शक्यतो दोन हातांनी चालवायचा, लाईनला बुडणारी टिप लागते, आणि काळोख पडताना काळ्या रंगाची मोठी फ्लाय. मी माझं सामान माझ्या माहितीने नेलं. साडूंनी तुमच्या यादीवर विश्वास ठेवला आणि त्या वाऱ्यात त्यांचा खांदा भरून आला. शेवटी लॉजकडून डॉलर मोजून रॉड भाड्याने घ्यावा लागला. दिदिमो या शेवाळाचा तर यादीत उल्लेखच नाही. चिलीत ते २०१० साली सापडलं आणि तेव्हापासून पॅटागोनियात बूट-वेडर्स निर्जंतुक केल्याशिवाय एका पाण्यातून दुसऱ्या पाण्यात जाऊ नये, असा दंडक आहे. ते आम्हाला लॉजवाल्यांनी सांगितलं आणि करूनही घेतलं.

ब्यूनस आयर्सला एसेसा विमानतळावर उतरून देशांतर्गत विमानासाठी शहराच्या दुसऱ्या टोकाच्या आएरोपार्केला जायचं होतं. तुमची गाडी आली नाही, टॅक्सीने गेलो. पावती जोडली आहे. याबद्दल मी भांडत नाही, पैसे परत करा.

मी भांडतो आहे ते संध्याकाळच्या सत्रासाठी. तुम्ही ते पत्रकात छापलंत, त्याचे पैसे घेतलेत, आणि लॉजकडून स्वस्तातली व्यवस्था घेऊन मधला फरक ठेवून घेतलात. दोन्ही व्यवस्थांच्या दरांत किती फरक आहे ते लॉजच्या मॅनेजरने मला दाखवलं आहे. हा गैरसमज नाही, ही फसवणूक आहे. याच्या बदल्यात तुम्ही देऊ केलेलं पुढच्या सहलीवरचं "सवलतीचं कूपन" मला नको. तुमच्याबरोबर पुढची सहल होणार नाही. याआधी तुमच्याबरोबर मी कुटुंबासह फिरलो आहे, दहा जणांना तुमचं नाव सुचवलं आहे. त्या दहा जणांना आता मी स्वतः फोन करणार आहे.

मागण्या अशा. दोन्ही व्यवस्थांच्या दरांतला पूर्ण फरक, आम्हा दोघांचा. भाड्याच्या रॉडचे आणि टॅक्सीचे पैसे. ज्या सीनियरांनी ते वाक्य सांगायला लावलं त्यांच्या सहीचं माफीपत्र, माझ्या आणि साडूंच्या नावे. फोन घेणाऱ्या मुलाला शिक्षा करू नका, त्याला कोणी शिकवलेलंच नाही. आणि पत्रकातला तो फोटो जोवर तुम्ही ती संध्याकाळ खरोखर देत नाही तोवर काढून टाका.

हे पत्र मिळाल्यापासून १५ दिवसांत लेखी उत्तर आलं नाही, तर ग्राहक संरक्षण कायदा २०१९ खाली सेवेतली त्रुटी आणि दिशाभूल करणारी जाहिरात या दोन्ही मुद्द्यांवर जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार दाखल करेन. या कायद्याने मी राहतो त्या जिल्ह्यात ती करता येते, त्यामुळे तुमच्या मुंबईच्या कचेरीत खेटे घालायची मला गरज नाही. वकिलांशी बोलणं झालं आहे. साडूंची तक्रार स्वतंत्र असेल.

सोबत पत्रकाची प्रत, गाईडने दाखवलेल्या तुमच्या शिक्क्याच्या बुकिंगचा फोटो, तुमची सामानाची यादी, रॉडची आणि टॅक्सीची पावती, आणि आजच्या फोनची वेळ जोडली आहे. रेकॉर्डिंग पुसू नका, ते आयोगापुढे मागवलं जाईल.

(सही)
पुणे