पेटीची किल्ली पुण्याला गेली होती

मा. संपादक,
स. न. वि. वि.

हृदय बंद पडलेल्या माणसाला शॉक देण्याचे मशीन, म्हणजे एईडी, आमच्या वसाहतीत आहे हे तसे सगळ्यांना ठाऊक होते. एका कुटुंबाने वडिलांच्या स्मरणार्थ ते दिले तेव्हा नारळ फुटला, शाल-श्रीफळ झाले, पेढे वाटले, आणि फोटोत मीही पहिल्या रांगेत उभा होतो. कार्यक्रम उरकल्यावर पेटी सोसायटीच्या ऑफिसातल्या लोखंडी कपाटात गेली. महागाची वस्तू, कुणी उचलून नेली तर काय घ्या, असे सर्वानुमते ठरले. त्या सर्वानुमतात माझाही हात वर होता, हे आधीच कबूल करतो.

आमची वसाहत जुळे सोलापुरातली. निवृत्त शिक्षक, बँकवाले, एसटीवाले आणि माझ्यासारखे रेल्वेवाले. मुले पुण्याला, हैदराबादला, काहींची त्याहून लांब. सकाळी सहाच्या सुमारास आमच्या बागेत साठीच्या आतला माणूस शोधून सापडायचा नाही. गेल्या उन्हाळ्यात अशाच एका सकाळी फेऱ्या मारून बाकावर टेकलेले आमचे शेजारी बसल्या जागी कलंडले.

आम्ही बारा-तेरा जण होतो. कुणी कांदा आणायला पळाले, कुणी तळपाय चोळू लागले, “पाणी पाजा की हो!” म्हणून कुणी तोंडाला तांब्या लावला. दोन-तीनदा घोरल्यासारखा आवाज आला तेव्हा “श्वास चालू आहे, फिट आली असेल” म्हणून आम्हाला हायसे वाटले. तो श्वास नव्हता. हृदय थांबल्यावर अशा तुटक आचक्या काही वेळ येऊ शकतात आणि बघणारे नेमके तिथेच फसतात, हे डॉक्टरांनी नंतर सांगितले. मशीनची आठवण झाली तोवर पाच-सहा मिनिटे गेली होती. ऑफिसला कुलूप. किल्ली सेक्रेटरींकडे आणि सेक्रेटरी नातीच्या बारशाला पुण्याला! कुलूप फोडायला दगड शोधत होतो, तेवढ्यात १०८ ची गाडी आली. त्या मुलांनी आपल्या परीने सगळे केले. व्हायचे ते होऊन गेले होते.

पेटी वेळेत हाती आली असती तर ते वाचलेच असते, असे कुणी छातीठोक सांगू शकत नाही. पण दोन दिवसांनी आम्ही ती उघडली, तेव्हा आत हिरवा दिवा लुकलुकायला हवा तो बंद होता आणि छातीवर चिकटवायच्या पॅडची मुदत संपून कित्येक महिने झाले होते. माझी सारी नोकरी रेल्वेच्या सिग्नल खात्यात गेली. दिवा विझला तर रात्री दोनला उठून जायचे, तपासायचे आणि रजिस्टरमध्ये सही करायची, हा आमचा रिवाज. इथे मात्र दात्याच्या नावाची पाटी चकचकीत आणि बॅटरी मेलेली. पॅड साधारण दोन वर्षांनी, बॅटरी चार-पाच वर्षांनी बदलावी लागते. तो खर्च वार्षिक सभेत कुणी मांडलेलाच नव्हता. लाखाच्या घरातली वस्तू देणारे मिळतात, पुढच्या पॅडच्या पैशाला कुणी वाली नसतो.

या प्रकरणानंतर मी डॉक्टर मंडळींना भेटलो, बरेच वाचले. हार्ट अटॅक आणि हृदय थांबणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे मला सत्तरीत कळले. अटॅकमध्ये हृदयाला रक्त पुरवणारी नळी तुंबते, छातीत कळ येते, माणूस बोलू शकतो. हृदय थांबते तेव्हा माणूस शुद्धीतच राहत नाही. बऱ्याचदा हृदय एकदम थंड न पडता नुसते थरथरत असते आणि त्या थरथरीत रक्त पुढे ढकलले जात नाही. ती थरथर मोडून ठोका पुन्हा जुळायची संधी देणे हे शॉकचे काम. काहीच केले नाही तर दर मिनिटाला जगण्याची शक्यता सात ते दहा टक्क्यांनी घटते आणि चार-सहा मिनिटांत मेंदूला इजा होऊ लागते. सात रस्त्याची गर्दी कापून गाडी दहा मिनिटांत आली तरी ती दहा मिनिटे आपलीच असतात.

त्या वेळात करायचे काय? माणूस हाक मारून, खांदे हलवूनही उठत नाही आणि नीट श्वास घेत नाही, एवढे दिसले की पुरे. नाडी शोधत बसू नये, आपल्याला ती सापडत नाही. एकाने १०८ ला फोन लावून स्पीकर चालू ठेवावा, एकाने पेटी आणायला पळावे आणि एकाने आडव्या केलेल्या माणसाच्या छातीच्या मधोमध तळहातावर तळहात ठेवून, कोपर ताठ करून दाबायला लागावे. पाच ते सहा सेंटिमीटर खोल, मिनिटाला १०० ते १२० वेळा, म्हणजे सेकंदाला जवळजवळ दोन. दर दाबानंतर छाती पूर्ण वर येऊ द्यायची. तोंडाने श्वास द्यायची किळस किंवा भीती असेल तर नुसते दाबत राहिले तरी चालते. भारतीय भूलतज्ज्ञांच्या संघटनेने सामान्य माणसासाठी फक्त दाबण्याचीच पद्धत २०१७ मध्ये सुचवली आहे.

मशीन त्याहून सोपे. ते बोलून सांगते, पॅड कुठे लावायचे याचे चित्र पॅडवरच असते: एक उजव्या हासळीच्या हाडाखाली, दुसरा डाव्या बगलेच्या खाली. हृदयाची लय ते स्वतः तपासते आणि गरज नसेल तर शॉक देतच नाही, त्यामुळे चुकून कुणाला मारून टाकू ही भीती नको. घामाने छाती ओली असली तर आधी पुसावी. टॉवेलला काय, सोलापुरात तोटा नाही. पेसमेकर असेल तर त्याच्या उंचवट्यावर पॅड न लावता थोडा बाजूला लावायचा.

“हे डॉक्टरांचे काम” असे म्हणणाऱ्यांना मी अमेरिकेतल्या जुगारघरांचे उदाहरण देतो. (उदाहरण जुगाराचे म्हणून आमचे भजनी मंडळ नाराज आहे.) तिथल्या पहारेकऱ्यांना हे मशीन वापरायला शिकवले आणि २००० साली त्याचे निष्कर्ष छापून आले. थरथरीने हृदय बंद पडलेल्या १०५ जणांपैकी ५३ टक्के बरे होऊन घरी गेले. ज्यांना कोसळताना कुणीतरी पाहिले आणि तीन मिनिटांच्या आत शॉक मिळाला, त्यांच्यात हे प्रमाण ७४ टक्के होते. शॉक देणारे ते सगळे साधे पहारेकरी होते. आमच्या वॉचमनला आम्ही पेटीला हातही लावू देत नव्हतो.

आमच्या वयाच्या काही अडचणी मात्र शिबिरात कुणी सांगत नाही. निम्म्या मंडळींचे गुडघे बदललेले, जमिनीवर बसायचे कसे? आम्ही कामे वाटून घेतली. ज्यांना खाली बसता येत नाही त्यांनी फोन करायचा किंवा फाटकावर उभे राहून गाडी आत आणायची. सोलापुरात एकाच नावाची तीन-तीन नगरे, म्हणून पूर्ण पत्ता आणि जवळची खूण प्रत्येक घरात फोनशेजारी लिहून चिकटवली आहे. दाबणाऱ्याने दोन मिनिटांनी बदलायचे, कारण दमलेला हात खोल जात नाही. पलंगावर दाबून उपयोग नाही, गादीच दबते. माणसाला खाली जमिनीवर घ्यावे लागते. म्हाताऱ्यांच्या बरगड्या मोडतात हेही खरे. बरगडी जुळते.

बायकांच्या बाबतीत आणखी एक. पॅड उघड्या त्वचेवरच लागतात. पदर बाजूला करायला, ब्लाउज कापायला चार पुरुष कचरतात आणि तेवढ्यात वेळ जातो. म्हणून पेटीत कात्री ठेवली आहे. मंगळसूत्र पॅडखाली येणार नाही असे सरकवायचे. दर गल्लीत दोन तरी बायकांना शिकवायचे आम्ही ठरवले. शिकायला त्याच आधी आल्या, पुरुष मंडळी “बघू” म्हणत राहिली.

“उद्या केस झाली तर?” हा प्रश्न प्रत्येक बैठकीत येतो. मदत करणाऱ्याला मोटार वाहन कायद्याच्या १३४अ कलमाने दिलेले संरक्षण रस्त्यावरच्या अपघातापुरते आहे, हे मान्य. पण बेशुद्ध माणसाच्या भल्यासाठी, त्याची संमती घेणे शक्य नसताना सद्भावनेने केलेल्या कृतीला भारतीय न्याय संहितेचे ३० वे कलम सांभाळून घेते. जुन्या दंडविधानातही ते होतेच.

दोघा-तिघांनी मला बाजूला घेऊन सांगितले, “आमच्या छातीवर कुणी दाबू नका, सुखाने जाऊ द्या.” त्यांचा मान ठेवायला हवा. अशी इच्छा लिहून ठेवण्याची रीत सर्वोच्च न्यायालयाने २०२३ मध्ये सोपी केली आहे. दोन साक्षीदारांसमोर सही करून नोटरीकडून ती साक्षांकित करता येते. तो कागद घरच्यांना ठाऊक असावा. ऐन वेळी बागेत आम्ही कागद शोधणार नाही.

पेटी कुठे ठेवायची यावरून भांडणही झाले. फाटकावरची वॉचमनची पत्र्याची टपरी सोयीची, पण बहुतेक मशिनांना पन्नास अंशांपर्यंतचीच हवा चालते. आपल्याकडे मे महिन्यात बाहेर ४३-४४ अंश, तर पत्र्याखाली काय भट्टी होत असेल ते सोलापूरकरांना सांगायला नको. आता ती सभागृहाच्या उत्तरेकडच्या व्हरांड्यात, सावलीत, बिनकुलपाच्या काचेच्या खणात आहे. उघडले की भोंगा वाजतो. तीन आठवडे झाले, अजून कुणी चोरलेली नाही. दूध आणायला जाताना मी दिवा बघतो आणि वहीत सही करतो. मी गावाला गेलो तर समोरच्या बाई करतात.

महापालिकेला एवढेच विचारायचे आहे की हुतात्मा स्मृती मंदिरात आणि गड्ड्याच्या यात्रेत अशी पेटी असते का, असली तर कुठे, आणि तिथल्या कुणाला ती वापरता येते. उत्तर आपल्या पत्रातून आले तर सगळ्यांना कळेल.

दुसरे म्हणजे, सरावाची बाहुली एका वसाहतीला परवडत नाही. चार-पाच वसाहतींनी मिळून घेतली तर आळीपाळीने फिरवता येईल. विजापूर रोड, होटगी रोड परिसरातल्या ज्येष्ठ नागरिक संघांनी आपल्या कार्यालयामार्फत कळवावे. रविवारी सकाळी आठ ते दहा आमचे सभागृह मोकळे असते. सतरंज्या आहेत, येताना गुडघ्याखाली घ्यायला उशी मात्र आणावी.

आपला,
एक निवृत्त रेल्वे कर्मचारी, जुळे सोलापूर
(नाव प्रसिद्ध करू नये ही विनंती)