बाई, हे बोर्डात चालतं का?

प्रिय मंजू,

तुझा मेसेज वाचला आणि लगेच उत्तर टाइप करायला घेतलं. चार ओळींतच कळलं की हे अंगठ्याचं काम नव्हे, म्हणून कागद घेतला. (बोर्डाच्या पत्राच्या नमुन्यातली तारीख, ईमेल आयडी वगैरे यात नाही. हवे तर गुण काप.)

तर तुला यंदा दहावीचं मराठी दिलं. मुख्याध्यापकांनी पहिल्याच मीटिंगमध्ये गेल्या वर्षीच्या ‘१०० टक्के निकाला’चा फ्लेक्स दाखवला, हे वाचून मी एकटीच हसले. तो फ्लेक्स सगळीकडे सारखाच असतो गं, फक्त शाळेचं नाव आणि संस्थापकांचा फोटो बदलतो. तू लिहिलंयस, ‘पोरं स्वतःचं एक वाक्य लिहीत नाहीत आणि जोवर ही परीक्षा आहे तोवर लिहिणारही नाहीत.’ पहिलं अर्धं वाक्य मला मान्य. दुसऱ्या अर्ध्यावर भांडते.

२०१० आठव. सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन आलं, म्हणजे मुलाला वर्षभर, सगळ्या बाजूंनी जोखायचं, आठवीपर्यंत नापास करणं आधीच गेलेलं. परीक्षेचा बागुलबुवा संपला म्हणून आपण किती खूश होतो! आकारिक, म्हणजे शिकता-शिकता करायच्या मूल्यमापनाची आठ साधनं, दैनंदिन निरीक्षण, उपक्रम, प्रकल्प. प्रत्येक मुलाच्या नोंदीत तीन रकाने: विशेष प्रगती, आवड-छंद, सुधारणा आवश्यक. म्हणजे प्रत्येक मुलाकडे नीट बघा, बघितलेलं लिहा, एवढंच शासनाने मागितलं होतं. आणि झालं काय? वर्षभरात बाजारात ‘वर्णनात्मक नोंदी’ची छापील पुस्तकं आली, मग पीडीएफ आल्या, मग ग्रुपवर फॉरवर्ड. ‘परिसरातील घटनांचे निरीक्षण करतो’, ‘कविता तालासुरात म्हणतो’. सबंध जिल्ह्यातली पोरं एकाच तालासुरात कविता म्हणायला लागली. तिथे बोर्ड नव्हतं, टक्केवारी नव्हती, कुणी नापास होणार नव्हतं. तरी आपण मास्तर लोकांनी साचाच शोधला.

कुमठे बीटचंही तेच. सातारा जिल्ह्यातल्या त्या शाळांच्या गटात ज्ञानरचनावादाचं, म्हणजे मूल स्वतः करून शिकतं या विचाराचं, खरंच चांगलं काम उभं राहिलं. राज्यभरातून शिक्षक गाड्या करकरून बघायला आले. तिथल्या बाई मुलांशी बोलतात कशा, चूक झाली की काय करतात, हे बघून घेण्यासारखं होतं. पण सोबत नेता येण्याजोगी गोष्ट एकच होती, रंगवलेली फरशी. मग गावोगाव फरशा रंगल्या, वर्तुळं आणि संख्यारेषा निघाल्या, आणि त्या वर्तुळांत बसून पोरं पुन्हा पाढेच घोकत राहिली. तेव्हा परीक्षा उठवली की सर्जनशीलता आपोआप उगवेल, यावर माझा विश्वास नाही.

आता तुझ्या दहावीकडे ये. तुला वाटतं ती कृतिपत्रिका, म्हणजे बोर्डाची प्रश्नपत्रिका, हीच शत्रू. जरा तिचा आराखडा समोर घेऊन बस. ८० गुणांपैकी २४ उपयोजित लेखनाला: पत्र किंवा सारांश ६, बातमी-जाहिरात-कथा यांतल्या दोन कृती मिळून १०, निबंध ८. शिवाय पुस्तकातल्या दोन्ही पठित उताऱ्यांवर ३-३ गुणांचं स्वमत. झाले की ३०. कवितेच्या विभागातलं मी धरलंच नाही. म्हणजे कागदोपत्री बोर्ड स्वतःच म्हणतंय, बाळा, तुला काय वाटतं ते सांग. आणि आपली बाळं गाईडमधलं स्वमत पाठ करून येतात. स्वतःचं मत, पान क्रमांकासकट! मी तपासणीला जाते तेव्हा एका गठ्ठ्यात ‘वाचनामुळे माणूस प्रगल्भ होतो’ हे इतक्या वेळा वाचते की घरी येऊन कांदा चिरतानाही तेच डोक्यात.

पण पोरांना मूर्ख समजू नकोस. त्यांचा हिशोब अगदी व्यवहारी आहे. पाठ केलेल्या निबंधाला ८ पैकी ६ नक्की. स्वतःचा लिहिला तर एखाद्या परीक्षकाकडे साडेसात, एखाद्याकडे चार, आणि कोण भेटणार ते आधी माहीत नाही. बारा तासांची ऊसतोड करणाऱ्या बापाच्या पोरीने ते चार का पत्करावेत? आणि परीक्षकही काही राक्षस नाही. समोर गठ्ठा, गठ्ठा परत करायची तारीख, वर तपासलेलं पुन्हा तपासणारा मॉडरेटर. ओळखीचं उत्तर दिसलं की हात आपोआप चालतो. अनोळखी उत्तर थांबून वाचावं लागतं.

२०१९ चा गोंधळ तुला आठवत असेल. त्या वर्षी भाषांचे तोंडीचे २० गुण काढले, १०० चा लेखी पेपर ठेवला आणि राज्याचा निकाल ८९.४१ टक्क्यांवरून ७७.१० वर आला. केवढा आरडाओरडा! बाकीच्या बोर्डांच्या पोरांना फुकट गुण आणि आमच्यांवर अन्याय. पुढच्याच वर्षी ते २० परत आले आणि निकाल ९५.३० झाला. मला त्या गुणांचं वाईट नाही वाटत, ते कसे वाटले जातात त्याचं वाटतं. सगळ्यांना अठरा, लाडक्यांना एकोणीस. खरं तर अख्ख्या दहावीत आपल्या हातात पूर्णपणे असलेले तेवढेच गुण. त्यात कुणी मॉडरेटर नाही, गाईड नाही, गठ्ठा नाही. माझ्याकडे त्यासाठी मुलं घरातल्या किंवा गल्लीतल्या एका माणसाला त्याच्या कामाबद्दल विचारून येतात आणि वर्गात सांगतात. अट एकच, त्या माणसाने वापरलेले पाच तरी शब्द असे पाहिजेत जे मला माहीत नाहीत. गवंड्याचा मुलगा उभा राहिला की मला वही काढून बसावं लागतं.

लिहिण्याचं मात्र नववीतच सुरू करायला लागतं, दहावीत उशीर झालेला असतो. आत्मकथन घेतलं होतं. तुला माहितीये आत्मकथन कसं सुरू होतं ते. ‘अरे मित्रा, दचकू नकोस! इकडे तिकडे काय बघतोस? मी फळा बोलतोय.’ मग फळ्याचं बालपण, फळ्याचे सुखाचे दिवस, फळ्याचे हाल, शेवटी फळ्याचा संदेश. पुस्तक असो, नदी असो, झाड असो, सगळ्यांचं आयुष्य असंच जातं. या वेळी मी तीन गोष्टींवर बंदी घातली. ‘मित्रा’ म्हणायचं नाही, संदेश द्यायचा नाही आणि कुणाचे आभार मानायचे नाहीत. वस्तू रोज पाहिलेली हवी, आणि तिची काहीतरी तक्रार हवी.

आधी वर्ग नुसता बसून राहिला. बंदीमुळे त्यांची सुरुवातच गेली ना! मग एकाने लिहिलं, साखर कारखान्यावरच्या वजनकाट्याचं. त्याचे वडील ट्रॅक्टर घेऊन जातात, हा कधी कधी ट्रॉलीवर बसून गेलेला. पहिलंच वाक्य: ‘माझ्यावर उभा राहिलेला माणूस आजपर्यंत खूश होऊन गेलेला नाही.’ पुढे शेतकरी म्हणतो काटा मारला, कारखान्यातला बाबू म्हणतो उसाला माती लावून आणलीय, आणि हा काटा मधल्या मध्ये. रात्री ट्रॅक्टरांची रांग लागते तेव्हा ड्रायव्हर स्टिअरिंगवर डोकं ठेवून झोपतात, आणि पुढची गाडी सरकली की मागचा हॉर्न वाजवून उठवतो, हे त्यात होतं. ‘मी खोटं बोलतो की खरं, हे मलापण माहीत नाही, कारण माझा आकडा दुसऱ्या खोलीत उमटतो’, असं एक वाक्य होतं. मंजू, शुद्धलेखनाच्या चुका होत्या, एक परिच्छेद उगाच होता, पण हे वाक्य मला लिहिता आलं नसतं.

मी ते मोठ्याने वाचून दाखवलं. पोरं हसली, मग गप्प झाली, कारण निम्म्यांच्या घरी ऊस आहे. आणि त्या पोराने काय विचारावं? ‘बाई, हे बोर्डात चालतं का?’

या प्रश्नाला आपण सहसा दोन तऱ्हेने उत्तर देतो. ‘बोर्डाचा विचार करू नकोस रे, मनापासून लिही’, हे एक, आणि ते थोडं फसवं आहे, कारण बोर्डाचा विचार त्यालाच करावा लागणार. नाहीतर ‘आत्ता ठीक आहे, पण परीक्षेत नमुन्याप्रमाणे लिही.’ हे तर सरळ खच्चीकरण. मी त्याला फळ्यावर दाखवलं. सुरुवातीला कोण बोलतंय ते तिसऱ्या ओळीत का होईना कळलं पाहिजे. विषयात दिलेले मुद्दे आले पाहिजेत, आणि ते आलेत हे थकलेल्या परीक्षकालाही दिसलं पाहिजे, म्हणून परिच्छेद सुटे. ओळींची मर्यादा. तो उगाचचा परिच्छेद कापला. एवढं केल्यावर तोच निबंध बोर्डाच्या चौकटीत बसला आणि काट्याचं एकही चांगलं वाक्य गेलं नाही. चौकट मुलांना आपण कधी उघडी करून दाखवतच नाही गं. चौकट म्हणून गाईडमधला अख्खा निबंध हातात देतो, आणि त्यांना वाटतं, सगळंच सक्तीचं आहे.

लहान वर्गांतही हे जमतं, आणि तेही परीक्षेचंच सामान वापरून. आमच्याकडे शिष्यवृत्ती परीक्षेचा जादा तास असतो. तुला माहितीये तो प्रकार, एका पेपरात दीड तासात ७५ प्रश्न, चार पर्याय, गोल काळे करा. गणिताच्या बाईंनी तिथे एक छान गोष्ट सुरू केली. प्रश्न आणि बरोबर उत्तर त्या देतात, चुकीचे तीन पर्याय मुलांनी काढायचे. कसलेही आकडे टाकायचे नाहीत, कुणीतरी खरंच चुकून निवडेल असेच पाहिजेत. दीड किलोचे ६० रुपये, तर अडीच किलोचे किती? उत्तर १००. एका पोरीने पर्याय दिला १२०. का गं? ‘एक किलो वाढला ना बाई, मग अजून साठ देणारा कोणीतरी असेलच की!’ दुसऱ्याने ६१ दिला, त्याला पोरांनीच हाणून पाडलं, इतकं येडं कोण नसतं म्हणून. दुसरा माणूस कसा विचार करतो याची कल्पना करणं, ती पडताळणं, यापेक्षा वेगळं सर्जन म्हणून काय असतं? आणि गंमत म्हणजे परीक्षेचीही तयारी होते. पर्याय कसे रचतात हे कळलेलं पोर पर्यायांना फसत नाही.

आपण बी.एड.ला असताना कोल्हापुरात ‘सृजन आनंद’ बघायला गेलो होतो, आठवतं? लीलाताई पाटलांनी १९८५ मध्ये सुरू केलेली ती शाळा. तू बाहेर पडताना म्हणालीस, ‘हे असं लहान शाळेत, निवडक लोकांतच जमतं.’ तेव्हा मी काही बोलले नाही. आज थोडं पटतं, थोडं नाही. माझ्या वर्गात साठाच्या आसपास पोरं आहेत, तास पस्तीस मिनिटांचा, मध्येच सर्वेक्षण, चाचणीचे गुण शासनाच्या त्या चॅटबॉटवर भरणं आणि नेट गेलं म्हणून परत भरणं. सृजन आनंद मला इथे उभारता येणार नाही. पण तिथली एक गोष्ट मी आणलीय: मुलाने लिहिलेल्याला आधी वाचक म्हणून उत्तर द्यायचं, मग मास्तरीण म्हणून. एक वही अशी ठेवलीय जिला गुण नाहीत आणि लाल पेनही नाही. आठवड्याला एका रांगेच्या वह्या वाचते, सगळ्या झेपत नाहीत. खाली शेरा लिहीत नाही, प्रश्न लिहिते. ‘मग रांगेतल्या सगळ्यात शेवटच्या ड्रायव्हरला कोण उठवतं?’ असं. पोरं माझ्या प्रश्नाला उत्तर देण्यासाठी लिहितात, निबंध म्हणून नाही.

पालकांचं विचारशील तर एक आई वही घेऊनच आली होती. ‘बाई, ही काय भानगड, एक टिकमार्क नाही, पैसे भरून वही घेतलीय.’ मी तिला तिच्याच लेकीने तिच्याबद्दल लिहिलेलं पान वाचायला दिलं. ती वाचत उभी राहिली, मग म्हणाली, ‘बरं, पण गाईडही करून घ्या.’ रास्त आहे. मी गाईडही करून घेते. मी काही क्रांती करायला बसलेली नाही.

तुझ्या मुख्याध्यापकांशी वाद घालू नकोस, निदान पहिल्या सहामाहीत तरी. त्यांना निकाल लागतो, तो तू लावून दे. मुलांच्या एका-दोन चांगल्या गोष्टी ‘किशोर’ला पाठव, बालभारतीचं मासिक आहे म्हटल्यावर त्यांचाही विरोध मावळेल, छापून आलं तर फ्लेक्सवरही चढवतील.

आणि आता कामाचं. माझ्या नववीला तुझ्या नववीशी पत्रव्यवहार करायचाय. खराखुरा, पोस्टाने. अनौपचारिक पत्राचा घटक आहेच, पण ज्याला लिहायचं तो ‘अ. ब. क.’ असल्यामुळे पोरं ‘तू मजेत असशील’च्या पुढे सरकत नाहीत. तुझ्या पोरांनी कधी ऊस तोडताना पाहिला नसेल, माझ्यांनी कापसाची वेचणी पाहिलेली नाही. त्यांना एकमेकांना सांगण्यासारखं खूप आहे. पहिली फेरी आमच्याकडून, सगळी पत्रं एकाच मोठ्या पाकिटात घालून पाठवते. मुलांची नावं आणि हजेरी क्रमांक तेवढे कळव, जोड्या लावते. एक सांगून ठेवते, माझ्या वर्गात एक पोरगा भयंकर लांब लिहितो. त्याला तुझ्याकडचं वाचायला न कंटाळणारं कुणीतरी दे.

दिवाळीत माहेरी येणार असशील तर एक दिवस इकडे काढ. काकूंना नमस्कार सांग.

तुझी,
सुमा