घड्याळ हातात आहे, तरी लॅपटॉप पासवर्ड मागतो

ती. बाबा आणि ती. आईस,
सा. न. वि. वि.

ॲपल वॉच हातात असूनही मॅकबुक मधूनच पासवर्ड मागतो, ही बाबांची तक्रार फोनवर निस्तरण्यातली नाही. म्हणून सविस्तर लिहिते आहे. कागदावर छापून लॅपटॉपच्या पिशवीत ठेवा.

बाबा, आधी हे बघा की तो पासवर्ड नियमाने मागतोय की अडून. लॅपटॉप बंद करून पुन्हा चालू केला, तर पहिल्यांदा पासवर्ड टाकावाच लागतो. घड्याळ कितीही नवं असो, त्याला सुटका नाही. रात्री अपडेट होऊन लॅपटॉप आपोआप रीस्टार्ट झाला असेल, तरी सकाळी तेच. तुम्ही म्हणता, "काल चालत होतं, आज नाही", त्यातली निम्मी प्रकरणं ही असणार. एकदा पासवर्ड टाका, मग झाकण मिटून पाच मिनिटांनी उघडून बघा. तेव्हा उघडला तर काहीही बिघडलेलं नाही.

उघडतानाही एक सवय लावा. झाकण उघडलं किंवा बटण दाबलं की लगेच टाइप करू नका. फक्त शिफ्ट दाबा, म्हणजे पासवर्डच्या चौकटीत उगाच अक्षर पडत नाही, आणि दोन-तीन सेकंद थांबा. पडद्यावर ॲपल वॉचने उघडत असल्याची ओळ येते, मनगटावर टिचकी बसते आणि घड्याळावर लॅपटॉप उघडल्याचा निरोप दिसतो. ही ओळच आली नाही, तर लॅपटॉपने घड्याळाला विचारलंच नाही. ओळ आली आणि तरी उघडला नाही, तर विचारलं पण जमलं नाही. मला फोन कराल तेव्हा ओळ आली होती का, एवढं आधी सांगा. माझी निम्मी शोधाशोध वाचते.

आता घड्याळाकडे वळू. लॅपटॉप उघडायला घड्याळ स्वतः उघडं असावं लागतं. ते हातातून काढलं की लगेच कुलूपबंद होतं, आणि ते योग्यच आहे, नाहीतर कोणीही उचलून नेऊन तुमचा लॅपटॉप उघडला असता. अंघोळीच्या वेळी चार्जिंगला लावता, मग पुन्हा घालता आणि त्याचा पासकोड टाकायचा राहून जातो. पडद्यावर वर कुलुपाचं छोटं चिन्ह दिसलं, तर कारण तिथेच मिळालं. यावर उपाय सोपा आहे. आयफोनवरच्या वॉच ॲपमध्ये 'पासकोड'मध्ये जाऊन 'अनलॉक विथ आयफोन' चालू करा. मग घड्याळ घालून फोन उघडला की घड्याळही उघडतं. त्याच पानावर 'रिस्ट डिटेक्शन' आहे, ते चालूच हवं. ते बंद असेल तर घड्याळ हातात आहे की टेबलावर, हे त्याला कळतच नाही आणि लॅपटॉप उघडणं बंद पडतं.

पट्टा सैल असला तरी हाच घोळ होतो. घड्याळाच्या पाठीमागचे सेन्सर कातडीला टेकले नाहीत, तर घड्याळाला वाटतं हातातून काढलं. थंडीत स्वेटरच्या किंवा शर्टाच्या बाहीवरून घड्याळ घालू नका. पट्टा एका भोकाने घट्ट करा, पण वळ उठेल इतका नाही. (मनगटावर गोंदण असेल तरीही सेन्सर फसतात. आपल्या आजीच्या पिढीला ॲपल वॉच मिळालं असतं, तर मोठीच पंचाईत झाली असती.)

नावांचा गोंधळ होतो म्हणून सांगते, या तीन वेगळ्या सोयी आहेत. वर सांगितली ती फोनने घड्याळ उघडण्याची. दुसरी, म्हणजे आपल्या कामाची, घड्याळाने लॅपटॉप उघडण्याची, आणि तिचं बटण लॅपटॉपमध्ये आहे. तिसरी म्हणजे घड्याळाने फोन उघडणं. मास्कमुळे चेहरा ओळखला जाईना, म्हणून ती २०२१ मध्ये आली, आणि ती फोनच्या 'फेस आयडी अँड पासकोड'मध्ये असते. एक चालू केली म्हणून दुसरी चालू होत नाही.

आपलं बटण कुठे? वर डाव्या कोपऱ्यातल्या सफरचंदावर क्लिक करा, 'सिस्टिम सेटिंग्ज' उघडा, डावीकडच्या यादीत खाली 'टच आयडी अँड पासवर्ड' आहे. त्यात 'ॲपल वॉच' या मथळ्याखाली तुमच्या घड्याळाचं नाव आणि शेजारी स्विच दिसेल. तिथे घड्याळाचं नावच नसेल, तर स्विच शोधत बसू नका. तेव्हा बहुधा खात्याची गडबड असते.

खातं म्हणजे ॲपल अकाउंट. लॅपटॉप आणि घड्याळ दोन्ही एकाच खात्यावर हवीत. लॅपटॉपवर 'सिस्टिम सेटिंग्ज'मध्ये सगळ्यात वर नाव असतं, त्यावर क्लिक केलं की ईमेल दिसतो. घड्याळाचा ईमेल फोनवरच्या वॉच ॲपमध्ये 'जनरल' आणि मग 'ॲपल अकाउंट' इथे सापडेल. दोन्ही अक्षर न् अक्षर जुळवून बघा. नाव एकच दिसलं म्हणून खातं एकच असेल असं नाही. याच खात्यावर टू-फॅक्टर ऑथेंटिकेशनही (साइन इन करताना पासवर्डखेरीज एक कोडही मागण्याची सोय) चालू हवं. फोनच्या 'सेटिंग्ज'मध्ये नावावर टॅप केलं की 'साइन-इन अँड सिक्युरिटी'मध्ये ते दिसतं. आणि घड्याळाला पासकोड असलाच पाहिजे. "रोज कोण आकडे टाकणार" म्हणून तो काढलात, तर ही सोयच बंद होते.

वाय-फाय आणि ब्लूटूथ दोन्हीकडे चालू हवेत. इथे नेहमी एक गैरसमज होतो. राउटरपासून लॅपटॉपला केबल जोडली की वाय-फायची गरज नाही असं वाटतं, आणि ते बंद ठेवलं जातं. इंटरनेटसाठी ते खरंही आहे. पण घड्याळ आणि लॅपटॉप एकमेकांशी थेट बोलतात, मध्ये राउटर नसतो, आणि त्यासाठी लॅपटॉपचं वाय-फाय चालू लागतं. ब्लूटूथने घड्याळ जवळ आहे हे कळतं, आणि वाय-फायने अंतर मोजलं जातं.

हे अंतर मोजण्याचं प्रकरण बाबांना आवडेल. लॅपटॉप नुसता सिग्नल किती जोरात येतोय हे बघत नाही, कारण जोर कृत्रिमपणे वाढवता येतो. तुम्ही दिवाणखान्यात बसला असताना एखाद्याने आतल्या खोलीत लॅपटॉपशेजारी सिग्नल उचलून पुढे पाठवणारं यंत्र ठेवलं, तर लॅपटॉप फसला असता. म्हणून तो सिग्नलला जायला-यायला लागणारा वेळ मोजतो. रेडिओलहर एका नॅनोसेकंदात सुमारे ३० सेंटिमीटर जाते. मीटरभर अंतरावरून जाऊन परत यायला सात नॅनोसेकंदही लागत नाहीत. सिग्नल कितीही वाढवला तरी हा वेळ कमी करता येत नाही. म्हणून घड्याळ लॅपटॉपच्या अगदी जवळ लागतं, मीटरभराच्या आत धरून चाला. पलंगावर बसून आईला "उघड गं लॅपटॉप" म्हटलंत, तर तो उघडणार नाही.

घड्याळावरही एक नजर टाका. बाजूचं लांबट बटण एकदा दाबलं की कंट्रोल सेंटर येतं (घड्याळाचं सॉफ्टवेअर जुनं असेल तर पडद्याच्या तळापासून बोट वर सरकवा). विमानाचं चिन्ह पेटलेलं असेल तर ते बंद करा, आणि वाय-फायचं चिन्ह विझलेलं असेल तर चालू करा.

आणखी एक अडथळा सहज लक्षात येत नाही. लॅपटॉपच्या 'सिस्टिम सेटिंग्ज'मध्ये 'जनरल', मग 'शेअरिंग'. तिथे 'इंटरनेट शेअरिंग' किंवा 'स्क्रीन शेअरिंग' चालू असेल, तर घड्याळाने लॅपटॉप उघडत नाही. म्हणजे मी इथून तुमची स्क्रीन बघत असताना "बघ, आत्ताही उघडत नाही" असं दाखवू नका. तेव्हा तो उघडायचाच नसतो. मी बाहेर पडले की मग करून बघा.

हे सगळं ठीक असूनही स्विच चालू होत नसेल, थोडा वेळ चक्र फिरून पुन्हा बंद होत असेल आणि 'घड्याळाशी संपर्क होत नाही' अशा अर्थाचा इंग्रजी निरोप येत असेल, तर याच क्रमाने जा. आधी स्विच बंद करा. मग घड्याळाचं बाजूचं बटण दाबून धरा, वरच्या कोपऱ्यातलं पॉवरचं चिन्ह दाबा, सरकवून बंद करा, आणि तेच बटण पुन्हा दाबून धरून चालू करा. चार्जरवर असेल तर आधी तिथून उचला. लॅपटॉपही सफरचंदाच्या मेनूतून रीस्टार्ट करा. झाकण मिटणं म्हणजे रीस्टार्ट नव्हे. लॅपटॉपला पासवर्ड टाका, घड्याळ हातात घालून त्याचा पासकोड टाका, फोनही उघडा ठेवा, आणि मगच स्विच चालू करा. घड्याळ चार्जरवर ठेवून स्विच चालू करण्याचा प्रयत्न केला, तर तो दर वेळी फसेल.

एवढ्यावरही नाही झालं, तर जुन्या जोडणीच्या किल्ल्या खराब झालेल्या असतात. त्या 'कीचेन ॲक्सेस' या ॲपमध्ये लपलेल्या असतात. 'व्ह्यू' मेनूतून अदृश्य नोंदी दाखवायच्या, 'ऑटो अनलॉक' शोधायचं आणि त्या नावाच्या सगळ्या नोंदी काढून टाकायच्या. मग होम फोल्डरमधल्या 'लायब्ररी', त्यातल्या 'शेअरिंग' आणि त्यातल्या 'ऑटोअनलॉक' या फोल्डरमधल्या दोन छोट्या फाइली काढायच्या आणि रीस्टार्ट करायचं. पहिल्यांदा स्विच अडेल, दुसऱ्यांदा चालू होईल. काय करायचं ते कळावं म्हणून लिहिलं, पण हे तुम्ही करू नका. त्याच खिडकीत तुमचे इतर पासवर्डही असतात, आणि चुकीची ओळ गेली तर बँकेपासून विजेच्या बिलापर्यंत सगळीकडे नव्याने सुरुवात. दिवाळीला आले की दहा मिनिटांत करते. तोवर पासवर्ड टाका. आयक्लाउडमधून साइन आउट करा किंवा घड्याळ अनपेअर करा, असं कोणी सुचवलं तरी थांबा.

बाजूचं बटण दोनदा दाबण्याबद्दल. लॅपटॉपवर जपून ठेवलेला पासवर्ड बघायचा असेल किंवा एखादी सेटिंग बदलायची असेल, तर घड्याळ तुमची मंजुरी मागतं आणि दोनदा दाबलं की काम होतं. पण तुम्ही लॅपटॉपवर काहीच केलेलं नसताना मंजुरी मागितली, तर दाबू नका. सही काय म्हणून मारतोय हे वाचल्याशिवाय बाबा कधी सही करतात का?

आई, आता तुझं. घड्याळ बाबांचं आहे, त्यामुळे ते भाजी आणायला गेले की लॅपटॉप तुला पासवर्ड मागणारच. तुझ्या बोटाचा ठसा नोंदवून ठेवू. 'टच आयडी अँड पासवर्ड'मध्येच 'ॲड फिंगरप्रिंट' आहे, आणि एका वापरकर्त्याला तीन ठसे ठेवता येतात. एक बाबांचा आणि दोन तुझे. तुझे दोन अशासाठी की रेशनच्या दुकानात तुझा अंगठा उठत नाही, तीच अडचण इथेही येईल. वयाने आणि कामाने बोटांच्या रेघा झिजतात. अंगठ्याऐवजी उजव्या आणि डाव्या हाताची मधली बोटं नोंदव, ती कमी घासलेली असतात. कणिक मळून आलीस तर हात धुऊन कोरडे करून मगच बोट ठेव. दोन दिवस लॅपटॉप कोणी उघडला नसेल किंवा पाच वेळा ठसा चुकला असेल, तर तो पासवर्ड मागेल. तेही नियमानेच.

आणि बाबा लॅपटॉपशेजारी पेपर वाचत बसले असतील, तर दुसऱ्या कोणी बटण दाबलं तरी तो उघडेल. नातवंडं घरात असली की हे लक्षात असू द्या.

पासवर्ड वहीत लिहून कपाटात ठेवलाय ना? ती वही लॅपटॉपच्या पिशवीत नको.

तुमची,
चिनू