बाबा, हे फुकटचं काम नाही

ब्रुकलिन, न्यूयॉर्क
१५ मार्च २०२६

तीर्थरूप बाबा आणि आई यांस,
शिरसाष्टांग नमस्कार.

मी इथे खुशाल आहे. खोकला पूर्ण गेला, थंडीही ओसरली. आईने दिलेलं मेतकूट अजून शिल्लक आहे आणि तांदूळ कोपऱ्यावरच्या दुकानात मिळतो, तेव्हा जेवणाचा विषय काढू नका. गेल्या रविवारी इथली घड्याळं एक तास पुढे केली, आता आपल्यात साडेनऊ तासांचा फरक आहे. आई रात्री साडेनऊला फोन करते तेव्हा इथे भर दुपारचे बारा असतात आणि मी वर्गात असते. उचलला नाही तर काही झालं असेल असं समजू नका.

बाबा, मागच्या फोनवर तुम्ही विचारलंत, “एवढं कर्ज काढून गेलीस आणि तिथे लोकांची कामं फुकट करतेस?” आणि मी काही बोलायच्या आत फोन आईकडे दिलात. म्हणून हे पत्र. दादा, याची प्रिंट काढून बाबांना दे, मोबाइलवर वाचायला लावू नकोस.

इथल्या लॉ कॉलेजांत क्लिनिक नावाचा एक वर्ग असतो. डॉक्टरकीच्या पोरांना वॉर्डात खरे पेशंट बघावे लागतात, तसे आम्हाला खरे पक्षकार बघावे लागतात. इथल्या तीन वर्षांच्या कायद्याच्या पदवीला अशा प्रत्यक्ष कामाचे निदान सहा क्रेडिट सक्तीचे आहेत. मी एलएलएमची, म्हणजे कायद्याच्या पदव्युत्तर वर्गातली, मला सक्ती नव्हती, मी मागून घेतलं. आमच्या क्लिनिकमध्ये येतात ते गाणी करणारे, चित्रं काढणारे, छोट्या फिल्म बनवणारे, घरच्या स्वयंपाकघरातून धंदा सुरू करणारे, नाहीतर दोघा-तिघांनी मिळून एखादं अ‍ॅप काढणारे. वकिलाची फी त्यांना परवडत नाही आणि वकिलाशिवाय ते फसतात.

महाराष्ट्र-गोवा बार कौन्सिलची माझी सनद इथे चालत नाही, हे तुम्हाला माहीत आहे. त्यामुळे आमच्या हातून निघालेलं प्रत्येक पत्र, प्रत्येक करारनामा प्राध्यापक वाचतात. सनद त्यांची आणि जबाबदारीही त्यांची. पोरीने चुकीचा सल्ला दिला तर तिला आत टाकतील का, ही आईची भीती इथेच संपली. व्हिसाचीही अडचण नाही. हा अभ्यासक्रमाचा भाग आहे, त्याचे क्रेडिट मिळतात, पगार मिळत नाही. पगार मिळतो तो लायब्ररीच्या काउंटरवरचा, आणि कॉलेजच्या आवारात आठवड्याला वीस तासांपर्यंत काम करायला परवानगी आहे.

आता फुकटचं. न्यूयॉर्कची सनद घ्यायची तर परीक्षा पास होऊन भागत नाही. त्याआधी किमान ५० तास लोकांचं कायद्याचं काम विनामोबदला केल्याचा दाखला जोडावा लागतो. २०१५ पासून हा नियम आहे आणि क्लिनिकमधले तास त्यात धरतात. म्हणजे जे काम तुम्हाला आडवाट वाटतं, ते माझ्या वाटेवरचंच आहे.

काकांनी विचारलेलं तेही सांगते: कोर्टात उभी राहत नाही ती वकील कसली? बाबा, याचं उत्तर माझ्यापेक्षा तुम्ही चांगलं द्याल. दुय्यम निबंधक कार्यालयाबाहेरच्या तुमच्या टेबलावर लिहिलेल्या किती दस्तांमुळे किती भांडणं कोर्टापर्यंत पोचलीच नाहीत! इथे मी तेच करते. लिहून देणार, लिहून घेणार, कारणे लिहून देतो की… फक्त शेताच्या गटनंबराच्या जागी गाणं असतं किंवा एखाद्या दुकानाचं नाव असतं.

आमच्या पक्षकारांचं मला घरीसुद्धा काही सांगता येत नाही, तो नियम फार कडक आहे. पण वर्गातला सराव सांगता येईल. दोन वर्गमित्रांना गाणं करणारे दोस्त बनवलं. एकाने चाल बांधली, दुसऱ्याने शब्द लिहिले, आणि मी त्यांची वकील. इथे अशा वेळी एक कागद भरतात, त्याला स्प्लिट शीट म्हणतात. गाण्यात कुणाचा किती टक्के वाटा, ते लिहून दोघांनी खाली सही करायची. कागद भरला नाही आणि पुढे वाद झाला, तर कायदा दोघांना सहसा निम्मे-निम्मे मालक धरतो, मग कुणी रात्र जागून काम केलेलं असो की कुणी दोन ओळी सुचवलेल्या असोत. त्यातला एक जण दुसऱ्याला न विचारता ते गाणं कुणालाही वापरायला देऊ शकतो, फक्त मिळालेल्या पैशातला हिस्सा दुसऱ्याला द्यायचा. तर या दोघांनी आपापले आकडे लिहिले: एकाने ५०, दुसऱ्याने ७०. बेरीज १२०! दोघेही मागे हटेनात. प्राध्यापक नुसते बघत होते. मी दोघांचे कागद बाजूला ठेवले, कोरा कागद घेतला आणि गाण्याची एकेक ओळ मोठ्याने वाचत विचारत गेले, ही ओळ कुणाची, हा ठेका कुणाचा, आणि त्यांचं उत्तर त्यांच्यासमोर लिहून त्यांनाच वाचून दाखवलं. शेवटपर्यंत पोचलो तेव्हा त्यांचं त्यांनाच ६०-४० पटलं. वर्ग संपल्यावर प्राध्यापकांनी विचारलं, हे कुठे शिकलीस. मी म्हटलं, माझे वडील अंगठा घेण्याआधी दस्त दोन्ही पक्षांना मोठ्याने वाचून दाखवतात आणि काय कळलं ते त्यांच्या तोंडून वदवून घेतात. बाबा, हे तुम्हाला फोनवर सांगायला गेले की माझा आवाज बसतो.

लेखी कागदाचं महत्त्व इथे नवीन धंदेवाल्यांना पटवावं लागतं. पैसे देऊन बोधचिन्ह काढून घेतलं म्हणजे ते आपलं झालं, असं सगळे समजतात. तसं नसतं. बाहेरच्या चित्रकाराने काढलेल्या चित्राचा हक्क त्याने सही करून लिहून दिल्याशिवाय येत नाही. चित्रकारालाही आता आधार आहे. २०२४ च्या ऑगस्टपासून या राज्यात ८०० डॉलर किंवा त्यावरच्या सुट्या कामाला लेखी करार करावाच लागतो, आणि करारात तारीख नसेल तर काम झाल्यावर ३० दिवसांत पैसे चुकते करायचे. असा कायदा आपल्याकडे यावा असं मला मनापासून वाटतं. आपल्या ओळखीच्या फोटोग्राफरचे लग्नसराईचे पैसे दिवाळीपर्यंत फिरताना तुम्हीही पाहिलेत.

एक गोष्ट वाचून तुम्हाला घरच्यासारखं वाटेल. न्यूयॉर्कमध्ये एलएलसी, म्हणजे मर्यादित जबाबदारीची छोटी कंपनी काढली, की १२० दिवसांच्या आत तिची जाहीर नोटीस दोन वर्तमानपत्रांत सलग सहा आठवडे द्यावी लागते. आपल्या ‘तमाम लोकांस कळविण्यात येते की’सारखीच. नोंदणीची फी २०० डॉलर आणि मॅनहॅटनमधल्या नोटिशीचा खर्च त्याच्या कितीतरी पट. गरीब माणसाचा धंदा उभा राहायच्या आधी त्याचा खिसा रिकामा करणारा हा नियम मला चुकीचा वाटतो.

आणि आता इथली एक रीत, जी अजून माझ्या पचनी पडलेली नाही. इथले वकील वेळ सहा मिनिटांत मोजतात. नीट समजून घ्या. तासाचे दहा भाग करायचे, एक भाग सहा मिनिटांचा, तो ०.१ असा लिहायचा. पक्षकाराशी चार मिनिटं फोनवर बोललात तरी ०.१. आठ मिनिटं बोललात तर ०.२. अर्धा तास करार वाचला तर ०.५. आणि नुसता आकडा चालत नाही, समोर काय केलं तेही लिहायचं. ‘काम केलं’ असं लिहिलं की परत येतं. ‘करारातलं पैसे देण्याचं कलम तपासून दोन बदल सुचवले’ असं लिहायचं. मोठ्या फर्ममध्ये तासाला हजार डॉलरच्या वर घेणारे वकील आहेत, म्हणजे सहा मिनिटांचे शंभर. तिथे हे समजतं. पण आमच्या क्लिनिकमध्ये कुणी एक पैसा देत नाही आणि तरीही आम्ही रोज हा तक्ता भरतो. एक तर ५० तासांचा हिशेब त्यातूनच निघतो, आणि दुसरं म्हणजे पुढे नोकरीत हेच करायचंय, हात आत्तापासून वळावा. तुम्ही पानावर पैसे घेता. माणूस समोर बसून रडत असला, तरी त्या वेळाचे तुम्ही कधी लावले नाहीत. इथे तोही वेळ तक्त्यात जातो. आपली पद्धत चांगली होती, असं मी इथे सगळ्यांना सांगते.

दादाने कोल्हापुरी चपलेबद्दल विचारलं होतं. २०२५ च्या जूनमध्ये मिलानच्या शोमध्ये प्राडा या इटालियन फॅशन कंपनीने तशा चपला दाखवल्या, मग आपलं जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन, कुठे गेलं? २०१९ चं ते जीआय भारतापुरतं आहे, आणि त्याची नोंद महाराष्ट्र व कर्नाटकच्या चर्मोद्योग महामंडळांच्या नावावर आहे. उच्च न्यायालयाने जनहित याचिका फेटाळली तीही याचमुळे: नोंद ज्यांच्या नावावर, ते दाद मागायला आलेले नव्हते. कारागिरांच्या बाजूने कागद घेऊन उभं राहणारं कुणी हवं. मला ते करायचंय, आज ना उद्या.

आता मुख्य विषय. किती वेळा लिहून खोडला.

दादाच्या लग्नाला मला येता येणार नाही. तारीख वैशाखातली, मेचा पहिला आठवडा, आणि माझी शेवटची परीक्षा नेमकी तेव्हाच. १७ मेपासून अधिक महिना लागतो, तेव्हा मुहूर्त पुढे ढकला असं मी कोणत्या तोंडाने म्हणू? परीक्षेनंतर यावं तर वर्षभराच्या कामाच्या परवान्याचा अर्ज चालू असेल, आणि तो हातात पडण्याआधी देश सोडणं जोखमीचं असतं. दादा, वहिनींना माझ्याकडून सांग. करवली म्हणून चुलत बहिणीला उभी करा, ती गोड दिसेल. हळदीच्या वेळी व्हिडिओ लावून ठेवा, इथे पहाट असली तरी मी उठेन. आई, तू त्या दिवशी रडायचं नाही. मीही नाही.

बँकेचा हप्ता अभ्यासक्रम संपल्यावर सहा महिन्यांनी सुरू होईल, तोवर नोकरी लागेल. जुलैच्या शेवटी बारची, म्हणजे इथल्या सनदेची परीक्षा आहे, तिची ७५० डॉलर फी मी लायब्ररीच्या पगारातून भरली, घरून काही मागणार नाही. आईच्या खात्यात ४०० डॉलर पाठवलेत. त्यातून वहिनींची साडी घ्या आणि करवलीचा मान माझ्या वतीने द्या. बाबा, ते पैसे मंडपवाल्याला देऊ नका.

पुण्याच्या स्थळाला नाही म्हणा. मुलगा वाईट आहे असं नाही. दिवाळीनंतर विचारलंत तर मी बसून नीट बोलेन, आत्ता माझ्या डोक्यात ते मावत नाही. आत्याला वाईट वाटेल, ते माझ्यावर घाला.

गुरुवारी पाडवा. गुढीला माझाही नमस्कार करा.

तुमची लेक

ता.क. काकूला सांगा, मसाल्याच्या पिशव्या एवढ्यात छापायला टाकू नको. आधी ते नाव कुणी ट्रेडमार्क म्हणून घेतलंय का ते शोधू, मग अर्ज करू. मसाले वर्ग ३० मध्ये येतात, अर्ज ऑनलाइन भरला तर एकट्या माणसाला साडेचार हजार रुपये फी. नाव ठरलं की मला कळवा.